जळकोटहून जळकोटला

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. एक बाई सकाळी जळकोटहून एस. टी.त बसल्या. गाड्या बदलत दिवसभर प्रवास केला. संध्याकाळी उन्हं उतरताना त्या खाली उतरल्या आणि समोरची पाटी वाचली, तर गावाचं नाव काय? जळकोट! गाडी फिरून परत आली नव्हती. बाईंना डुलकी लागून त्या उलट्या गाडीत बसल्या, असंही झालं नव्हतं. मग हे झालं कसं?

ज्यांनी महाराष्ट्राचा नकाशा नीट पाहिला आहे, त्यांनी ओळखलं असेल. आपल्याकडे जळकोट दोन आहेत. एक लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या पलीकडे. दुसरं धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाजवळ. तिसरं एक जळकोट पार पाकिस्तानात कोहिस्तानच्या डोंगरात आहे म्हणे, पण तिथवर आपली लाल गाडी जात नाही! आणि त्या प्रवास करणाऱ्या बाई म्हणजे मीच. लातूरकडच्या जळकोट तालुक्यात, एका वाडीवरच्या शाळेत मी शिकवते.

आता तुम्ही विचाराल, बाई, असा उलटासुलटा प्रवास करायचं कारण काय? कारण एक पत्र. आमच्या आधी ते पत्र त्या गावाला जाऊन आलं होतं. त्याची गोष्ट सांगते.

आमचं जळकोट बालाघाटच्या डोंगररांगांत, नांदेडहून बिदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. माळरान, खडक, मधूनच काळ्या रानाचा पट्टा. पाऊस पडला तर तूर, सोयाबीन, ज्वारी. नाही पडला तर नुसतं आभाळाकडं बघणं. गावाला रेल्वे नाही. शिट्टी ऐकायची तर उदगीरला जावं लागतं. जळकोट हा तालुका झाला १९९९ साली, म्हणजे तसा तरुणच.

पण आमच्या भागाच्या पत्त्याची एक गंमत आहे. आमच्या वाडीतल्या एका आजोबांच्या ट्रंकेत जुनी पत्रं आहेत. त्यावरचे पत्ते वाचत गेलं, तर वाटावं हे कुटुंब सारखं बिऱ्हाड हलवत होतं. हैदराबाद संस्थान होतं तेव्हा आमचा उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता. निजामाचं टपालखातंसुद्धा वेगळं, तिकिटं वेगळी. ते खातं भारताच्या टपालात मिसळलं १९५० साली. पुढं १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, बिदर कर्नाटकाकडं गेलं आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, मग 'जि. लातूर'. आणि १९९९ साली 'ता. उदगीर'च्या जागी 'ता. जळकोट'. आजोबा म्हणतात, "बाई, मी हाय त्या वट्ट्यावरच बसून हाव. पत्ताच माझ्या भवती फिरलाय!" आता उस्मानाबादचंही नाव धाराशिव झालं आहे. जुन्या सवयीची माणसं जुनं नाव लिहितात, नवी माणसं नवं, आणि टपालवाल्यांना दोन्ही ओळखावी लागतात.

शिवाय सारख्या नावांचा घोळ वेगळाच. एकट्या शिरूरचं बघा. आमच्या लातूर जिल्ह्यातच दोन शिरूर, शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. बीड जिल्ह्यात शिरूर कासार. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर. नुसतं 'मु. पो. शिरूर' लिहून पत्र पेटीत टाकणाऱ्याला काय म्हणावं? बुद्रुक आणि खुर्दाची तऱ्हा तीच. बुद्रुक म्हणजे मोठं, फारसीतल्या 'बुजुर्ग'वरून आलेलं. खुर्द म्हणजे लहान. घाईत कुणी 'बु.' लिहिण्याऐवजी 'खु.' लिहिलं की पत्र ओढ्यापलीकडं! हे सगळं मी वर्गात अगदी रंगवून शिकवते. एवढं शिकवून माझ्याच हातून काय झालं, ते आता ऐका.

आमच्या वाडीतली बरीच घरं दिवाळीच्या सुमारास बंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला चार-पाच महिने कारखान्याच्या भागात राहायचं. पाचटाच्या कोप्या घालायच्या, पहाटे अंधारात फडात उतरायचं. कुणी लेकरं बरोबर नेतात, कुणी आजी-आजोबांकडं ठेवतात. माझ्या वर्गात मागच्या हंगामात अशी मागं राहिलेली अकरा मुलं होती.

डिसेंबरात पत्रलेखनाचा धडा आला. म्हटलं, फळ्यावरचं खोटं पत्र कशाला? खरंच लिहू या. पन्नास पैशाला एक याप्रमाणे पोस्टकार्डं आणली. प्रत्येकानं आपल्या आई-वडिलांना लिहायचं, मार्फत कारखान्याचं गट ऑफिस. अकरा जणांनी जीव ओतून लिहिलं. एकानं शेळीला दोन करडं झाल्याचं कळवलं. एकीनं नुसती पाढ्यांची यादी दिली, 'मला इतके येतात' म्हणून. आणि चौथीतल्या एका मुलीनं (नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही) एवढं बारीक अक्षरात लिहिलं की कार्डावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

तिथंच घोटाळा झाला. कोपऱ्यात तिला स्वतःचा पत्ता लिहायचा होता. शाळा, वाडीचं नाव, मु. पो. जळकोट इथपर्यंत मावलं. मग 'पिन ४१३' असं लिहिलं आणि कार्डाची कड आली. पुढचे तीन आकडे आणि जिल्हा तिनं सोडूनच दिला. मी शुद्धलेखनाच्या वह्या लाल पेनानं तपासते, पण ही कार्डं तपासली नाहीत. म्हटलं, खासगी पत्रं आहेत मुलांची, कशाला वाचायची? मजकूर नसता वाचला तरी चाललं असतं, पत्ता तरी बघायला हवा होता. चूक माझीच.

जानेवारी लागला आणि उत्तरं येऊ लागली. कुणाचं कार्ड, कुणाचं निळं आंतरदेशीय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. पोस्टमनमामांची सायकल दिसली की वर्गातली गणितं तिथंच थांबायची. दहा जणांना उत्तरं आली. त्या मुलीला नाही. आधी ती दारापर्यंत पळत जायची. मग जागेवरूनच मान वर करून बघायची. नंतर नंतर तिनं मान वर करणंही सोडलं.

संक्रांत झाली आणि एक दिवस ती शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी गेले तर आजी दारात तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "पोरगी गेली ओ बाई. चुलता आला होता, घेऊन गेला तिकडं. बारकं लेकरू हाय, त्याला कोण बघावं? मायबाप फडात असत्यात."

"आजी, अहो, तिची शाळा?"

"शाळा हाय की. पुढल्या साली जाईल."

मी काय बोलणार? समजावून पाहिलं. त्या ऐकून घेत होत्या, पण पोर तर गेलीच होती.

आणि फेब्रुवारीच्या बारा तारखेला पोस्टमनमामा शाळेच्या दारात उभे. "बाई, तुमचा कागद. लई फिरून आलाय बगा."

निळं आंतरदेशीय पत्र. कडा मऊ झालेल्या. वर मोठ्या, एकेक करून लावल्यासारख्या अक्षरात पत्ता: बाई, जिल्हा परिषद शाळा, वाडीचं नाव, मु. पो. जळकोट, पिन ४१३. त्यापुढं काही नाही. आणि त्याच्या खाली तिरक्या, सफाईदार अक्षरात, लाल पेनानं कुणीतरी लिहिलं होतं: 'या नावाची वाडी इथे नाही. जळकोट, जि. लातूर, ४१३५३२ येथे पाठवावे.'

आत तारीख होती २ जानेवारी. मजकूर असा होता, जवळजवळ जसाच्या तसा सांगते:

'बाईंना नमस्कार. मी चौथीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर माफ करा. पोरीचं कार्ड मिळालं. तीनदा वाचलं. संक्रांतीनंतर तिला इकडं आणायचं चाललं आहे, बारक्याला सांभाळायला. मी नको म्हणते पण माझं चालत नाही. फोनवर बोलता येत नाही, सगळे बाजूला असतात. तुम्ही सासूबाईंना सांगा, तुमचं त्या ऐकतात. तिला पाठवू नका. बारक्याला मी फडात झोळी बांधीन.'

मुलांनो, २ जानेवारी ते १२ फेब्रुवारी, एक्केचाळीस दिवस. हेच पत्र आठवड्यात आलं असतं, तर? मी तो कागद हातात धरून फळ्यासमोर उभी होते आणि वर्ग माझ्याकडं बघत होता.

ते पत्र तिकडं गेलं कसं, ते कळायला पिन म्हणजे काय ते माहीत हवं. तुमचा पिन तुम्हाला पाठ आहे का? मनातल्या मनात म्हणा बरं. सहा आकडे. ही पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि ती बसवली एका मराठी माणसानं. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. टपालखात्यातले मोठे अधिकारी, आणि गंमत म्हणजे संस्कृतचे कवी! आपल्या देशात भाषा अनेक, लिप्या अनेक, सारख्या नावांची गावं तर पैशाला पासरी. मग पत्र लावणाऱ्याला गाव कळावं कसं? तर आकड्यांवरून. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून पत्रं वेगळी करण्याचा प्रदेश ठरतो. शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं नेमकं पोस्ट.

आता ४१३ मध्ये कोण कोण येतं बघा. सोलापूर ४१३००१. बारामती ४१३१०२. लातूर ४१३५१२. तुळजापूर ४१३६०१. म्हणजे नुसतं '४१३, जळकोट' लिहिलं की दोन्ही जळकोट त्यात बसतात. पत्र लावणाऱ्यानं काय करावं? त्याच्यासमोर पत्रांचा ढीग असतो. पूर्वी तर धावत्या रेल्वेच्या डब्यात उभं राहून, भिंतीतल्या खणाखणांत पत्रं टाकत जायचे. दोनांतला एक खण निवडला गेला आणि पत्र महामार्गावरच्या जळकोटला गेलं. राग तरी कुणावर काढायचा? गाळलेल्या तीन आकड्यांवर?

तिथं ते आणखी अडकू शकलं असतं. ज्याचा धनी सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता नाही, असं पत्र शेवटी टपालखात्याच्या एका खास कचेरीत जातं. पूर्वी तिला 'डेड लेटर ऑफिस' म्हणायचे, म्हणजे मेलेल्या पत्रांची कचेरी! पुढं नाव बदलून 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' केलं. तिथं पत्र उघडून आत कुठं पत्ता सापडतो का ते बघतात. या माऊलीनं पत्राच्या मागं आपला पत्ता लिहिलाच नव्हता. म्हणजे त्या लाल पेनवाल्यानं मनावर घेतलं नसतं, तर पत्र आम्हाला कदाचित कधीच मिळालं नसतं.

त्या संध्याकाळी मी आजींच्या ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवलं. एकदा वाचलं. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुनंनं हे मला का नाही सांगितलं?" आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "सांगितलं असतं तर मी कुठं ऐकणार होते." दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला फोन लावला. काय बोलल्या मला ठाऊक नाही, पण आवाज आमच्या शाळेपर्यंत येत होता.

फेब्रुवारी संपता संपता मुलगी वर्गात परत आली. हातावर पाचटाचे चरे होते. पाच आठवड्यांत वर्ग अपूर्णांक संपवून पुढं गेला होता. पाव, अर्धा, पाऊण तिला मार्चभर मधल्या सुट्टीत शिकवत बसले. पत्राबद्दल मी तिला सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आईनं लिवलं होतं?" आणि दुसरा, "बाई, ते लाल पेनानं कुणी लिवलं?"

तो प्रश्न मलाही पडला होता. मग मे महिन्यात, तिचे आई-वडील हंगाम संपवून परत आल्यावर ठरलं. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जायचं आणि वाटेत ते दुसरं जळकोट बघायचं. मी, ती मुलगी आणि तिची आई. बारकं भावंड आजीपाशी राहिलं. २०२३ पासून बायकांना एस. टी.चं तिकीट अर्धं असतं, पोरीचं तर वयामुळंच अर्धं. कंडक्टर म्हणाले, "तिघीत मिळून एक पुरं अन् एक अर्धं, बसा!" मुलगी हळूच म्हणाली, "दीड." अपूर्णांक बरे पक्के झालेत असं माझ्या मनात आलं.

जळकोट ते उदगीर, उदगीरचा किल्ला खिडकीतूनच. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते हेच उदगीर, पण तो धडा पुन्हा कधीतरी. मग नळेगाव, आष्टामोड करत लातूर. नळेगावच्या अलीकडं-पलीकडं 'शिरूर अनंतपाळ'ची पाटी दिसली तसा मी शिरूरचा धडा पुन्हा सुरू केला, तर दोघी मायलेकी एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या. शिक्षकांचं असंच असतं.

लातूरला गाडी बदलली. औसा, लामजना, आणि मग किल्लारी. मुलांनो, तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना ही पहाट आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. हजारो माणसं गेली. पुढं ही गावं जुन्या जागेवर बांधली नाहीत, नव्या ठिकाणी वसवली. आखीव रस्ते, ओळीनं घरं. जुनी गल्ली, जुना वाडा, पारावरचं झाड, ज्यावरून पोस्टमन घर ओळखायचा ती एकही खूण उरली नाही. देशभरातून नातेवाइकांनी 'कसे आहात, कळवा' म्हणून पत्रं टाकली असतील. गावाचं नाव तेच, पण ती पत्रं हातात घेऊन पोस्टमननं कुठं जायचं, कुणाचं दार वाजवायचं? खिडकीतून नवी किल्लारी बघताना मला तेच आठवत राहिलं. मुलीची आई जागी झाली होती. ती म्हणाली, "माझी आई सांगायची, त्या रात्री आमच्याकडंबी भांडी वाजली होती."

मग तिला विचारलं, "ताई, रागावू नका, पण पत्त्यात लातूर का नाही लिहिलं तुम्ही? तुम्हाला तर जिल्हा माहीत होता."

ती लाजली. "पोरीनं कार्डावर जसं लिवलं तसंच बगून लिवलं ओ बाई. म्हनलं, बाईंनी शिकवलेलं असंल. मी कशाला त्यात माझं घालू?"

मी खिडकीबाहेर बघू लागले.

उमरग्याला तिसरी गाडी. इथून पुणे-हैदराबाद महामार्ग लागतो. आमच्याकडच्या डोंगरातल्या वळणांनंतर हा रस्ता म्हणजे धावपट्टीच. ट्रक भरारा जातात. आणि ऊन कलताना कंडक्टरांनी आवाज दिला, "जळकोट, जळकोटवाले!" मुलगी टुणकन उठली. खाली उतरून तिनं पाटी वाचली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि जरा हिरमुसून म्हणाली, "बाई, हे तर आपल्यासारखंच हाय." खरंच होतं. हॉटेलातली भजी, पंक्चरचं दुकान, कडुनिंबाची सावली, सावलीत बसलेली माणसं. महामार्ग तेवढा जास्तीचा.

पोस्टात गेलो तर बंद व्हायची वेळ. डाकसेवक दादांना निळं पत्र दाखवलं. ते बघताक्षणी म्हणाले, "अहो, हे तर आपलं हरवलेलं!" तीन वस्त्यांवर सायकलनं जाऊन त्यांनी त्या वाडीची चौकशी केली होती. "पण हे लाल अक्षर माझं नाही बरं का. चला, दाखवतो."

रस्त्यालगत एका ओसरीवर पांढऱ्या मिशांचे एक काका बसले होते. एस. टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. काही वर्षं त्यांची नेमणूक उदगीर आगाराला होती. डाकसेवक दादांनी चावडीसमोर पत्रावरचं वाडीचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा हे काका तिथं होते. "अरे, हा तर आपला फाटा! मुक्कामाच्या गाडीला रोज तिथं तिकीट फाडायचो मी. हे आपल्या जळकोटचं नाही, तिकडच्या जळकोटचं." खिशातून लाल पेन काढलं आणि लिहून टाकलं. पिन तेवढा डाकसेवक दादांनी पुस्तकात बघून सांगितला. कंडक्टरचा खिसा, पेन असणारच!

मुलीच्या आईनं फडक्यात बांधून वाणवळा आणला होता, घरच्या तुरीची डाळ. ती पुढं करून तिनं काकांच्या पायावर डोकं ठेवलं. काका गडबडले. "अगं, अगं, मी काय केलं? एक ओळ तर लिहिली." पत्रात काय होतं ते त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं हळूच माझा पदर ओढला. मग मी गप्प बसले. काकांनी चहा पाजला आणि आमच्या फाट्यावरचं चिंचेचं झाड अजून आहे का, ते विचारलं. आहे, असं मुलीनं सांगितलं. काकांना फार बरं वाटलेलं दिसलं.

रात्री नळदुर्गात मुक्काम केला. किल्ल्यातला पाणीमहाल सकाळी पाहिला. बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधलाय, आणि पावसाळ्यात त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी कोसळतं. मे महिन्यात थेंब नव्हता. मग तुळजापूरला देवीचं दर्शन झालं, आणि परतीची वाट.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी काकांकडं जायच्या आधी, मुलीनं हट्टानं त्या पोस्टातून एक कार्ड घेतलं होतं. मी म्हटलं, महत्त्वाचं असेल तर स्पीड पोस्टानं पाठव. (आमच्या वेळी अशा कामाला रजिस्टर करायचे, १ ऑक्टोबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच मिसळून टाकलं आहे.) ती म्हणाली, "नाही, कार्डच." पोस्टाच्या पायरीवर बसून तिनं आजीला पत्र लिहिलं. मजकूर दोनच ओळी. आधी पत्ता लिहिला, मग मजकूर. नाव, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि सहा चौकटींत सहा आकडे. आईनं प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्यानं म्हणून बघितला. मीही बघितला. तेव्हा कुठं कार्ड पेटीत पडलं.

आम्ही घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी ते आलं. आजींनी दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं, नातीकडून वाचून घेतलं, मग पुन्हा उलटून बघितलं आणि पोस्टमनमामांना विचारलं, "हे आपल्या जळकोटातून आलंय, का त्या?"